माझ्या गळ्यात अडकलेले दात

मी मोरीच्या फरशीखालचा पाइप बोलतोय. नाक मुरडू नका. तुमची सगळी घाण निमूटपणे बाहेर नेतो, म्हणून तर घरात तुम्हाला मोकळा श्वास घेता येतो.

माझी मान वाकडी आहे. ती खोड नव्हे, मुद्दाम दिलेला बाक आहे. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. गवंड्याने मला पुरून माझ्या तोंडावर गोल जाळी बसवली आणि बजावलं, "पाणी तुंबलं तर जाळीवरचे केस काढा. जाळी काढू नका!"

पण ऐकतो कोण? या घरात सगळ्यांना घाई. अंघोळीचं पाणी पटकन जावं म्हणून पायाच्या अंगठ्याने जाळी बाजूला सारायची, ही इथली रीतच पडली. मग साबणाचे तुकडे, शांपूच्या पुड्या, लांबसडक केस, सगळं माझ्या घशात. मी कुरकुरत गिळायचो.

घरात माणसं तीन. मुलगा, सून आणि मुलाचे म्हातारे वडील. बाबांवर माझा फार जीव, कारण जाळी पुन्हा जागेवर ठेवणारे ते एकटेच. एका सकाळी मुलगा जाळी सारून तसाच कामावर पळाला. बाबा स्टुलावर बसून कवळी धुवायला वाकले आणि खालची कवळी हातातून सटकली ती थेट माझ्या बाकात! त्यांनी हात घातला, चिमटा घातला. मलाही ती परत द्यायची होती हो, पण वर ढकलणं मला कुठलं जमायला?

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नुकताच त्यांचा चष्मा हरवला होता, तेव्हा मुलगा वैतागून म्हणाला होता, "बाबा, आता आणखी काही हरवलंत ना, तर एकट्याने फिरायला जाणं बंद!" सकाळचा तो फेरफटका सोडला तर म्हाताऱ्याला दुसरं होतं काय?

बाबा बोलेनासे झाले. बोललेच तर तोंडावर हात धरून. सून कामावर जाताना त्यांचं ताट झाकून ठेवायची. चावणार कसं? केराच्या डब्यात टाकलं तर ती बघेल. मग ते भाजी-भाकरी बोटांनी कुस्करून माझ्या तोंडात सोडायचे, वरून गरम पाणी. "वाईट नको वाटून घेऊस गं," असं पुटपुटायचे. ती ऐकायला तिथे नसायचीच. संध्याकाळी म्हणायचे, "दुपारचं जड झालंय, दूध दे नुसतं." त्यांचा हात दिवसेंदिवस काडीसारखा होत गेला. मी सगळं बघत होतो आणि त्यांचं जेवण मला गोड लागत नव्हतं.

शेवटी कवळीत केस अडकले, केसांत भाकरी अडकली, आणि एका सुट्टीच्या दिवशी मी तुंबलो. मोरीभर घाण पाणी.

"तुझे केस!" मुलगा म्हणाला.

"आणि तुझ्या शांपूच्या पुड्या?" सून फणकारली.

प्लंबर आला. त्याने तार घालून फिरवली आणि ओढली. केसांचा बोळा, भाकरीचा लगदा आणि त्यात हसणारी कवळी! तो म्हणाला, "हे दात कोणाचे?"

सून त्या लगद्याकडे बघत राहिली. मग बाबांच्या खप्पड गालांकडे. "बाबा, इतके दिवस तुम्ही उपाशी होतात?"

"तुझ्या हातचं टाकवत नव्हतं गं पोरी. पण चाववतही नव्हतं." बाबांनी मान खाली घातली. "माझं फिरणं तेवढं बंद करू नका."

मुलाचा चेहरा उतरला. "जाळी मीच सारून ठेवायचो, बाबा. तुम्हाला कोण अडवतंय?"

सून तिथेच ओल्या फरशीवर बसून रडली. मग उठली आणि मऊ भात कालवून त्यांच्यासमोर बसली.

आता बाबांना नवी कवळी आली आहे. माझ्या जाळीला स्क्रू लागला आहे. मी जुना झालोय, फार दिवस टिकेन असं नाही. तोवर एकच सांगतो. केस, पुड्या माझ्यात टाकू नकाच. पण जे गिळवत नाही तेही माझ्याकडे देऊ नका, घरात कोणाला तरी सांगा. मला ते पचवता येत नाही.

आज दुपारी बाबांनी ताट विसळलं. मी वाट बघत होतो. आलं ते नुसतं पाणी.