मी दिलेली खरखर कुणी पुसली?

बोलतोय तो मी, साऊंड कार्ड. संगणकाच्या पडद्याखाली पडलेली ती काळी चपटी डबी असते ना, तोच मी. पुष्कळांना मी चहाचा कप ठेवायची जागा वाटतो. असू दे. पण आज माझं ऐकून घ्या, कारण जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझं काम साधं. एका बाजूने आवाज घ्यायचा, त्याचे आकडे करायचे आणि संगणकाच्या हाती द्यायचे. जन्मलो कारखान्यात, इतर चारशे भावंडांसोबत. पहिला मालक जाहिराती वाचणारा माणूस होता. गळा गोड, पण जीभ? बापरे! "या डबड्यात खरखर फार येते," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. मग मी एका बाईंकडे आलो. सगळे त्यांना मामी म्हणत. त्या संगणकावरून विणकाम शिकवायच्या. मागे पंखा घरघरायचा, म्हणून त्यांनी एके दिवशी पडद्यावर एका चौकोनात टिचकी मारली. चौकोनापुढे लिहिलं होतं, 'मागचा गोंगाट काढा'. पंख्याचा आवाज गेला आणि मामी खूश झाल्या. त्या बाईने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

मामींनी नवा संगणक घेतला आणि जुना, माझ्यासकट, भाचीला दिला. ही भाची बंदराच्या धक्क्यावर वायरलेसच्या खोलीत बसते. समुद्रात गेलेल्या होड्यांशी बोलायचं, त्यांची हाक ऐकायची, हे तिचं काम. तिच्या आधी त्याच खुर्चीत तिचा मामा, म्हणजे या मामींचा नवरा, बसायचा. तापलेल्या सळईने तारांना डाग देताना पहिल्याच दिवशी तिने स्वतःची ओढणी जाळली, तेव्हापासून मामा तिला ठिणगी म्हणतो.

ठिणगीने मला तिथे नेलं आणि म्हणाली, "आता मला तुझ्याकडून खरखर हवीय."

मी चाट पडलो. जन्मभर जिच्यावरून शिव्या खाल्ल्या, ती हिला हवी?

भानगड अशी होती. होड्यांचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरच्या पोटात ऑसिलेटर नावाचा एक भाग असतो. तो ठरलेल्या वेगाने ठोके देतो. पण एकही ठोका अगदी वेळेवर पडत नाही. जरा मागे, जरा पुढे, अशी त्याची थरथर चालू असते. तिला ही मंडळी फेज नॉईज म्हणतात. थरथर जास्त झाली, की शेजारच्या दणकट रेडिओ केंद्राचा आवाज विस्कटून सगळीकडे पसरतो आणि लांबच्या होडीची बारीक हाक त्याखाली बुडते. टेकडीवर नुकतंच एक नवं केंद्र उभं राहिलं होतं. लांबच्या होड्या नीट ऐकू येईनात, म्हणून ठिणगीने महिनाभर खपून नवा ऑसिलेटर बनवला होता. तो आधी मोजायचा होता.

मोजायची रीत झकास होती. मामाचा एक भरवशाचा ऑसिलेटर आणि हिचा नवा, दोघांना समोरासमोर जोडायचं. दोघांत सारखं असेल ते कटून जातं, उरते फक्त थरथर. ती माझ्या कानात सोडायची आणि संगणकाने तिचा आलेख काढायचा.

तिने बटण दाबलं आणि मी हबकलो. केवढी ती थरथर! पावसाची सर पत्र्यावर कोसळावी तशी. मी इमानदारीने सगळी पुढे दिली. मग पडद्यावर पाहिलं तर रेघ तळाशी निपचित पडलेली. स्वच्छ! धुतल्यासारखी!

अहो, मी हे दिलंच नव्हतं! मामींचा तो चौकोन अजून चालूच होता. मी दिलेली खरखर संगणक पंख्याची समजून पुसून टाकत होता.

ठिणगी खुर्चीतून उडाली. "आई गं! इतका स्वच्छ?"

मी ओरडणार कसा? मला कान दिलेत, तोंड नाही.

सोमवारी सकाळी तिने नवा ऑसिलेटर रिसीव्हरमध्ये बसवला, जुना खणात टाकला. त्याच सकाळी तिचा थोरला भाऊ होडी घेऊन खोल समुद्रात गेला. मंगळवारी दुपारी परतायचा होता. मंगळवार गेला.

जवळच्या होड्यांचे आवाज येत होते, म्हणून रिसीव्हरवर कुणाचा संशय गेला नाही. बुधवारी सकाळी आई येऊन बाकावर बसली. "तुझं मशीन बिघडलंय का गं?"

"मशीन उत्तम आहे, आई. मोजलंय मी. हा बघ आलेख."

मग तिने बोलायचं बटण दाबलं. "दादा, ऐकतोयस ना? उत्तर दे की! आई इथे रडतेय आणि तुला मस्करी सुचतेय? असाच आहेस तू पहिल्यापासून!" बटण सोडलं. रिसीव्हरमधून नुसतं फस्स्स.

दुपारी मामा धापा टाकत आला. त्याने आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "घाणेरडा मोजलास?"

"कुठला घाणेरडा?"

"अगं, आधी ज्याची जबर थरथर ठाऊकच आहे तो मोजायचा. तो घाणेरडाच दिसला, तर पुढचं खरं. किती वेळा सांगितलं!"

घाईत राहिलं होतं. मामाने पिशवीतून त्याच्या तरुणपणी बिघडलेला एक ऑसिलेटर काढला आणि जोडला. माझ्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली. आणि पडद्यावर? तीच स्वच्छ, निपचित रेघ.

ठिणगी वाकून संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरली. एकेक चौकोन उघडत ती मामींच्या त्या चौकोनापाशी पोचली आणि त्यातली खूण काढली. रेघ उसळून वर गेली. नवा जोडला, तर तोही वर. खणातला जुना जोडला, तर तो खाली. जो काढून फेकला, तोच दहापट बरा होता!

"मामा, मी काय करून बसले?" एवढंच ती म्हणाली. स्क्रू मामाने पिळले.

जुना बसला. फस्स्स कमी झालं आणि त्याखालून, अगदी तळातून, एक घोगरा आवाज आला. "...इंजिन बंद आहे. नांगर टाकलाय. कालपासून पाणी नाही. कुणी आहे का?" आईने दोन्ही हातांनी बाक धरला.

दुसरी होडी सुटली आणि संध्याकाळच्या आत त्याला घेऊन आली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण जिवंत.

दुसऱ्या दिवशी तो या खोलीत आला, बहिणीसमोर बसला. ती मान वर करेना.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "तुझा आवाज मला स्पष्ट येत होता. सगळा."

तिने झटकन वर पाहिलं. "सगळा?"

"मस्करी सुचतेय म्हणालीस, तेव्हासुद्धा मी उत्तर दिलं होतं. दर वेळी देत होतो."

हे ऐकलं आणि मी सुन्न झालो. ती त्याला रागावत होती, तो पलीकडून बोलत होता, आणि मधे होता तो मी दिलेली खरखर पुसून काढलेला आलेख.

आजही मी याच टेबलावर आहे. ठिणगी आता मला आधी घाणेरडा ऐकवते, मगच चांगला. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल. त्याने सगळं छान आहे असं दाखवलं, तर बाबांनो, लगेच हुरळून जाऊ नका. आधी तुम्हाला पक्कं ठाऊक असलेलं वाईट त्याला दाखवा आणि विचारा, हे तरी तुला दिसतंय का? नाहीतर पलीकडे कुणीतरी उत्तर देत असतं आणि तुम्हाला ते ऐकूच येत नाही.