तीन नंबरची वायर

गाडीतला इंजिन बिघाडाचा तो पिवळा दिवा महिन्यात तिसऱ्यांदा लागला, तेव्हा फोल्कमारने ठरवून टाकलं की हे काम शेजारच्या बिंडरचंच. फोल्कमारचं एकदा ठरलं की ठरलं. देव जरी खाली उतरून 'बाबा रे, तसं नाही' म्हणाला असता, तरी त्याच्याही कानाखाली एक बसली असती.

गाडी त्याच्या बायकोची, गेर्लिंडेची. जुनी होती, पण धावायची. दर शुक्रवारी ती ठणठणीत असायची आणि शनिवारी सकाळी दिवा लागलेला. इंजिन थरथरायचं, चढावर दम तोडायचं. गॅरेजवाल्यांवर फोल्कमारचा विश्वास नव्हता. त्याने हातात मावेल एवढा स्कॅनर विकत आणला होता. तो स्टिअरिंगखाली खोचायचा, किल्ली फिरवायची, की पडद्यावर दोष उमटायचा. दोष तिन्ही वेळा एकच: तीन नंबरच्या सिलिंडरला ठिणगी नाही. बॉनेट उघडून बघावं तर तीन नंबरच्या स्पार्क प्लगची वायर तुटलेली.

"कापलीय," फोल्कमार म्हणाला. "कुंपण छाटायला लावलं ना मी त्याला, त्याचा राग काढतोय म्हातारा."

"झिजली असेल रे," गेर्लिंडे म्हणाली.

"तुला काय कळतं? टॉर्च नीट धर."

बावीस वर्षं ती त्याच्यासाठी टॉर्च धरत होती. टॉर्च हलली की कोपर बसायचं बरगडीत. मागल्या वर्षी दह्याच्या डबीचं झाकण चुकून फक्त कागदी कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकलं, तर त्याने तिचं बोट मागे वाकवून मोडलं होतं. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे अख्ख्या हिंटरबाख गावात शेंबड्या पोरालाही कळतं म्हणे.

पण गेर्लिंडेला त्या दिव्याची धास्ती वाटायची, त्याचं कारण फोल्कमारला ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी ती गावातल्याच वृद्धाश्रमात रात्रपाळीला जाते, असं तो समजत होता. ती रात्रपाळी तिने महिनाभरापूर्वीच सोडली होती. गुरुवारी ती गाडी घेऊन सरळ उल्म शहरात जायची. तिथे तिने एक खोली घेतली होती. दर खेपेला एकेक पिशवी नेऊन ठेवायची आणि आठवड्यातून एक रात्र कुणाच्या पावलांकडे कान न लावता झोपायची. एक तारखेपासून तिला उल्मच्या इस्पितळात काम मिळालं होतं. एक तारखेला नऊ दिवस होते. तोवर गाडी चालायला हवी होती आणि फोल्कमारला वास लागायला नको होता. याआधी दोनदा ती घर सोडून बहिणीकडे गेली होती, आणि दोन्ही वेळा त्याच्या एका फोनवर परत आली होती. कुणाला काय सांगणार? स्वतःचीच लाज वाटायची तिला.

फोल्कमारने लगेच नवी वायर बसवली, आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी कणकेचा डबा घेऊन गाडीभोवती पीठ भुरभुरलं. वर बाकीच्या तीन सिलिंडरांसाठी तीन वायरींचा एक जादा संचही आणून डिकीत टाकला, कारण म्हाताऱ्याचा काय भरवसा.

"उद्या बुटाचे ठसे सापडू देत फक्त," तो म्हणाला. "मग बघतोच त्याला."

शनिवारी सकाळी दिवा लागलेलाच होता. स्कॅनर लावून, किल्ली फिरवून फोल्कमारने तोच दोष वाचला, बॉनेट उघडून तुटकी वायर उपसली, पीठ विस्कटलेलं पाहिलं आणि पुढचं काही न बघता तडक रस्त्यावर गेला. बिंडर आपल्या दारापुढचा रस्ता झाडत होता. शनिवारी ज्याने त्याने आपल्या दारापुढचा रस्ता झाडायचा हा गावचा रिवाज, आणि बिंडरने तो कधी चुकवला नाही. त्र्याहत्तरीचा माणूस, जन्म वनखात्यात गेलेला. फोल्कमारने एका हाताने त्याची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. एक नाही, तीन. दातावर हाड आपटल्याचा आवाज गेर्लिंडेने दारातून ऐकला. बिंडरला त्याने फरफटत गाडीपाशी आणलं आणि पिठात गुडघ्यांवर पाडलं.

"बघ. तुझेच बूट आहेत ना? बघ म्हणतो ना."

बिंडरच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. पिठात थेंब पडत होते. त्याने पिठाकडे पाहिलं, आणि कमाल म्हणजे म्हातारा हसायला लागला.

"अरे गाढवा," तो रक्त थुंकत म्हणाला, "माझ्या बुटांना पाच बोटं असतात का? मार्डर आहे हा. माझ्या माळ्यावर राहतो."

मार्डर म्हणजे मांजराएवढा, मुंगसासारखा लांबोडका प्राणी. त्या भागात घरोघरच्या माळ्यांवर असतो. पिठात त्याची इवलाली पावलं चाकापासून इंजिनाखालपर्यंत स्पष्ट उमटली होती.

गेर्लिंडे ओला टॉवेल घेऊन धावली. "बिंडर, बोलू नका, रक्त थांबत नाहीये. आत चला."

"थांब गं. याला कळू दे." म्हाताऱ्याला चेव आला होता. चाळीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसाला कुणीतरी जनावराबद्दल ऐकून घेतंय म्हटल्यावर तो थोडाच गप्प बसणार? "मार्डर रोजच बॉनेटखाली ऊब घ्यायला येतो. वायरीला तोंडही लावत नाही. पण गाडी दुसऱ्या मार्डरच्या मुलखात रात्रभर उभी राहिली, त्याचा वास घेऊन घरी आली, की मग याचं डोकं फिरतं. दिसेल ते फाडतो."

"बिंडर, पुरे झालं," गेर्लिंडे म्हणाली. तिने टॉवेल त्याच्या तोंडावर दाबला.

त्याने तो बाजूला केला. "आणि आपल्या गावात, वृद्धाश्रमापर्यंत, सगळा या एकाचाच मुलूख. म्हणजे तुझी गाडी रात्री गावाबाहेर असते, कळलं? निघाला मला मारायला."

बोलून झाल्यावर त्याचं लक्ष गेर्लिंडेच्या चेहऱ्याकडे गेलं. तिचा रंग पार उडाला होता. आपण काय करून बसलो ते म्हाताऱ्याला उमगलं, पण आता फार उशीर झाला होता.

फोल्कमार शांत उभा होता. तो शांत झाला की गेर्लिंडेला जास्त भीती वाटायची.

"गुरुवारी गाडी कुठे असते?" त्याने विचारलं.

"पाळीला असते. तुला माहीत आहे."

"कुठे असते?"

त्याने हातातली तुटकी वायर मुठीला गुंडाळली आणि चाबकासारखी तिच्यावर ओढली. पहिला फटका मनगटापासून कोपरापर्यंत बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याला ती मडगार्डवर कोलमडली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. रस्त्यापलीकडे दोन बायका झाडू धरून उभ्या होत्या. एकीने मान खाली घातली आणि झाडलेलंच पुन्हा झाडायला लागली.

चौथा फटका पडायच्या आत बिंडर उठला होता. त्याने रस्ता झाडायचा लांब दांड्याचा झाडू उचलला आणि फोल्कमारच्या कानशिलात हाणला. दांडा मोडला. फोल्कमारने वळून म्हाताऱ्याच्या पोटात लाथ घातली, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की किल्ली गाडीतच लटकतेय. स्कॅनर चालवायला त्यानेच ठेवली होती ती.

गेर्लिंडेच्याही ते ध्यानात आलं होतं.

"कुठे जातेस बघतो," म्हणत तो इंजिनात वाकला आणि उरलेल्या तीन वायरी उपटायला त्याने हात घातला. गेर्लिंडेने बॉनेट दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचं सगळं वजन टाकून खाली आपटलं. त्याच्या बोटांची हाडं मोडली. बावीस वर्षांत तिने त्याला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. तो हात ओढून खाली बसला, तसं तिने बॉनेट पुन्हा आपटून बंद केलं.

"जा गं," बिंडर पोट धरून म्हणाला. "तीनवरही चालते गाडी."

चालते, हे तिला फोल्कमारनेच शिकवलं होतं. रखडत, खोकत, पण चालते. गाडी निघाली तेव्हा तो डाव्या हाताने काचेवर पाना मारत काही पावलं धावला. मागची काच फुटून सीटवर सांडली. ती थांबली नाही. पिवळा दिवा उल्मपर्यंत तिच्यासमोर लुकलुकत राहिला.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. तो रडत होता. तीन बोटं प्लास्टरमध्ये होती, शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. "मी असा नाहीये गं, तुला माहीत आहे. बिंडरची माफी मागतो. तू फक्त ये. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

आणि गेर्लिंडेचं मन विरघळलं. हो, विरघळलं. सुजलेल्या ओठाने ती "बरं" म्हणाली, बूट घातले, किल्ली घेतली आणि खाली आली.

गाडी सुरूच होईना. तिने बॉनेट उघडलं. उरलेल्या तिन्ही वायरींचे तुकडे तुकडे झाले होते, आणि बॅटरीवरच्या धुळीत तीच पाच बोटांची पावलं होती. या खेपेला हिंटरबाखच्या चवताळलेल्या मार्डरचा वास ताजा होता, आणि तो उल्मच्या मार्डरला मानवला नव्हता.

तिने डिकीतून तीन वायरींचा नवा संच काढला. दहा मिनिटांचं काम. टॉर्च धरून धरून सगळं पाठ झालं होतं. एक नंबरची वायर तिने खट्कन बसवली. दुसरीसाठी हात आत घालताना बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा वळ उठला होता, बरोबर त्या वायरीच्या जाडीचा. तिने वायर वळावर धरून पाहिली. तसूभरही फरक नव्हता.

बसवलेली वायर तिने उपसून काढली. तिन्ही वायरी हातात घेऊन ती कचऱ्याच्या डब्यांपाशी गेली आणि सवयीने विचार करत उभी राहिली, की रबर आणि तांब्याची वायर नेमकी कुठल्या डब्यात जाते. खिशात फोन वाजत होता.

तिने कागदाचा निळा डबा उघडला आणि वायरी त्यात टाकल्या.