एका खड्ड्याला चाळीस मिनिटे

काटा थरथरत होता आणि चौघांचे डोळे त्यावर होते. स्वयंपाकघरातल्या ज्या वजनकाट्यावर एरवी पीठ नाहीतर साखर असायची, त्यावर आज दोन मुठी मुरूम होता, आणि त्याच्यासमोर निवृत्त रस्ते-अभियंता असे उकिडवे बसले होते, जणू त्या मुरमातून कोणीतरी आत्ता कबुलीजबाब देणार होते. मागे जमीन चोपायच्या धुम्मसाच्या दांड्यावर हनुवटी टेकून गवंडी उभा होता, दारात अभियंत्यांची पत्नी, आणि भिंतीशी त्यांची मुलगी. गॅरेजच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर पत्रा पडला होता. राहिली होती ती फक्त जमीन, आणि गेले चार दिवस ती नुसती राहतच होती.

"नाही," साहेब शेवटी म्हणाले. "एक टक्का कमी भरतोय. हा थर पुन्हा चोपायचा."

गवंड्याने आभाळाकडे पाहिले असते, पण वर पत्रा होता.

"साहेब, इथं गाडीच उभी करायचीय ना? का विमान उतरवताय?"

"काँक्रीट म्हणजे नुसतं वरचं कातडं. खालची जमीन दबली की ते तडकणारच. पहिल्या दिवशीच सांगितलंय मी तुला."

"पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि काल दोनदा."

पहिल्या दिवशी वरची भुसभुशीत माती काढून टाकली होती. तिच्यातले मुळांचे धागे साहेबांनी नातवाच्या डोक्यातल्या उवा वेचाव्यात तशा निगुतीने वेचले होते. मग मुरमाचा एकेक थर, त्यावर बेताचे पाणी, मग धुम्मस. प्रत्येक थरात तीन जागी ताटलीएवढा खड्डा करायचा, निघालेला मुरूम तोलायचा, कढईत भाजून त्यातली ओल उडवायची, पुन्हा तोलायचा, आणि खड्ड्यात मोजून वाळू ओतून त्याचे पोट किती ते काढायचे. म्हणजे जमीन किती घट्ट बसली ते आकड्यात कळते. सगळे शास्त्र खरे होते. खोट काढायला जागा नव्हती, आणि गवंड्याचे दुःख नेमके तेच होते.

"अहो, माझी कढई द्या आता," पत्नी म्हणाली. "चार दिवस भाजीला मातीचा वास येतोय."

"ओल किती आहे ते भाजल्याशिवाय कळत नाही."

"कळत नसेल. पण तीस वर्षं नोकरी केलीत, तेव्हा कधी मागितली नव्हतीत कढई."

"तेव्हा सरकारी कढई होती," साहेब म्हणाले, आणि गवंडी खुदकन हसला.

मुलगीही हसली. या चार दिवसांत ती पुन्हा हसायला लागली होती. ती ज्या शाळेत गणित शिकवायची, त्या शाळेलगतचा रस्ता दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी खाली बसला होता आणि शाळेची बस त्यात कलंडली होती. तिच्या वर्गातल्या दोघींचे पाय अजून प्लास्टरमध्ये होते. त्या रस्त्याच्या अकरा किलोमीटरच्या कामाखाली सही होती ती तिच्या बाबांची. तेव्हापासून ती शिक्षकांच्या खोलीत शिरली की बोलणे असे थांबायचे, जसे कोणी पंख्याचे बटण बंद करावे. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझे बाबा न बघता सही करणारे नाहीत." चौकशी समितीला द्यायचे उत्तर बाबांनी सांगितले आणि तिने स्वतः टाइप केले होते. उद्या ते ती स्वतःच नेऊन देणार होती. कढई, काटा आणि त्यावर वाकलेली बाबांची पाठ, असे फोटोही तिने काढून ठेवले होते. शिक्षकांच्या खोलीतल्या एकेकाच्या नाकासमोर ती ते धरणार होती.

"साहेब, एक विचारू?" गवंडी म्हणाला. "रस्त्यावर पण असंच करायचात का हो? का ही आमच्यासाठी खास शिक्षा?"

"अर्थात असंच!" साहेब उठले, गुडघे कटकट वाजले, आवाज मात्र ताठ होता. "दर शंभर मीटरला खड्डा. प्रत्येक थरात. आणि प्रत्येक माझ्यासमोर."

"आणि घाईचं काम असलं तर?"

"घाई? एका खड्ड्याला चाळीस मिनिटं म्हणजे चाळीसच. भाजायचं ते भाजायचं, तोलायचं ते तोलायचं. त्याहून कमी वेळात केलं असं कोणी सांगितलं ना, तर खुशाल समज, त्यानं खड्डा केलाच नाही. खुर्चीत बसून आकडे भरलेत."

शब्द भिंतींवर आपटून परत आले. रिकाम्या गॅरेजात आवाज घुमतो. साहेबांना तो आवडला असावा, कारण त्यांनी मान किंचित वर केली.

मुलीचे हसू ओठांवर होते तसेच राहिले, फक्त त्यातून कोणीतरी निघून गेले.

"थर किती असतात, बाबा?"

"तीन. तू टाइप केलंस की."

"हो, केलं." तिची बोटे भिंतीवर नकळत काहीतरी लिहीत होती, फळ्यावर लिहितात तसे. "अकरा किलोमीटर म्हणजे एकशे दहा खड्डे. तीन थर, तीनशे तीस. चाळीस मिनिटांनी... दोनशे वीस तास."

"काय चाललंय हिचं?" पत्नीने गवंड्याला विचारले.

"गणित चाललंय, वहिनी," गवंडी हळूच म्हणाला, आणि धुम्मस त्याने आवाज न करता खाली ठेवला.

"उत्तराला जो तक्ता जोडलाय," मुलगी म्हणाली, "त्यात सगळ्या खड्ड्यांना मिळून दोनच तारखा आहेत. लागोपाठच्या. दोन दिवस अजिबात झोपला नाहीत, जेवला नाहीत, तरी अठ्ठेचाळीसच तास होतात."

साहेबांनी काट्यावरचा मुरूम तळहातावर घेतला, बोटांनी चाचपला, पुन्हा ठेवला. काटा पुन्हा थरथरू लागला.

"ओल जास्त आहे," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "म्हणून एक टक्का कमी येतोय."

"बाबा, मी मुरमाचं विचारत नाहीये. उद्या तो कागद माझ्या हातात असणार. त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? तुम्ही एक तरी खड्डा बघितला होता? एक?"

पत्नी दारातून बाजूला झाली. वाट मोकळी करायला की ऐकू येऊ नये म्हणून, ते तिलाही सांगता आले नसते.

साहेबांनी हात झटकले, कढई उचलली आणि गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत ते बाहेर उन्हात गेले. चार दिवस चोपलेल्या त्या जमिनीवर त्यांच्या पावलांचा एकही ठसा उमटला नाही.