सारख्याच उंचीचे ठिपके

टक्.

सासूबाईंची अंगठी टेबलावर वाजली आणि ओट्याशी मटार सोलणाऱ्या सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. जेवणं झाल्यापासून घरात चिडीचूप होतं आणि तिचे कान याच आवाजाकडे लागले होते.

सासूबाई आंधळ्या. ब्रेलच्या छापखान्यातली कच्ची पानं त्या घरी बसून बोटांनी तपासत. चूक सापडली की अंगठीनं एकदा टक्. सून त्याच छापखान्यात कामाला. जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवायचे, चुकलेला ठिपका उलट्या बाजूनं हातोडीनं बसवायचा, हे तिचं काम. म्हणजे सुनेच्या चुका थेट सासूच्या बोटाखाली यायच्या आणि जेवताना त्यांचा उद्धार व्हायचा. "काल तू संदेष्ट्याला दाढीच्या जागी गाडी दिलीस. बरा पळाला असेल वाळवंटात." दोन-तीन ठिपक्यांचा तर फरक.

आज मात्र सासूबाई हसल्या नाहीत.

"अगं, इथं काहीतरी गळलंय. सातवा अध्याय संपला आणि आठवा भलतीकडूनच सुरू झाला. ती बाई कुठं गेली?"

ती बाई म्हणजे शुभवर्तमानातली, व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेली. भोवती दगड मारायला टपलेली माणसं आणि येशू खाली वाकून जमिनीवर बोटानं काहीतरी लिहितोय. शेवटी एकेक जण काढता पाय घेतो, आधी म्हातारे.

"गळली नाही, आई." सून हात पुसत समोर येऊन बसली. "काढलीय."

बायबलचं नवं भाषांतर करणाऱ्या विद्वानांच्या समितीचं म्हणणं असं, की हा उतारा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मागाहून कुणीतरी घातला. तरी लोकांच्या सवयीचा म्हणून छापील आवृत्तीत त्यांनी तो जागेवरच ठेवला, पण बारीक टायपात. डोळसांना बघताक्षणी कळावं, की हा पाहुणा आहे. पण ब्रेलमध्ये बारीक टाइप नसतो. ठिपके सगळे सारख्याच उंचीचे, नाहीतर बोटाला लागत नाहीत. उतारा एकतर आत, नाहीतर बाहेर. छापखान्यानं समितीला विचारलं, तर उत्तर आलं, आपल्या सोयीप्रमाणे करावे. व्यवस्थापकांनी हात वर केले. दर दोन शब्दांनी थांबायच्या सवयीमुळे कामगार त्यांना स्वल्पविराम म्हणत. "तुम्ही, सासू-सुनाच, ठरवा," ते म्हणाले. "सोमवारी, पत्रा, मशीनवर चढतो."

सुनेनं दोन्ही तऱ्हेची पानं काढून घरी आणली होती. एकात उतारा जागेवर, दुसऱ्यात तिथून काढून थेट ब्रेल बायबलच्या अनेक खंडांतल्या शेवटच्या खंडात, टिपांमध्ये. सासूबाईंना आधी दुसरं दिलं. बोट न अडखळता पुढं सरकलं तर प्रश्नच मिटला, असं तिनं मनाशी धरलं होतं. वेडी आशा, दुसरं काय.

कारण तिला माहीत होतं. सासूबाईंना लग्नाआधीच दिवस गेले होते. उपासनेनंतर मंडळीनं त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि बापाचं नाव विचारलं. त्या बोलल्या नाहीत. मग म्हातारे पाळक उठले, त्यांनी हाच उतारा वाचला आणि ते खाली बसले. एकेक जण उठू लागला. बाकं करकरत राहिली आणि चर्च रिकामं झालं. पोटातलं ते पोर म्हणजे सुनेचा नवरा. त्याच्या बापाचं नाव आजतागायत गुलदस्त्यात आहे. सुनेला ही हकिगत त्यांनी एकदाच सांगितली होती, तीही स्वेटर विणता विणता, टाका न चुकवता.

"कुणी घातला म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. मूळ लिहिणाऱ्याचा नव्हे, एवढंच. भाषा निराळी आहे म्हणे. काही हस्तलिखितांत तर तो दुसऱ्याच शुभवर्तमानात सापडतो."

सासूबाई खो खो हसत सुटल्या. "म्हणजे ह्याचंही माझ्या लेकासारखंच झालं की! बाप कोण, कुठल्या घरचा, सगळी पंचायत बसलीय."

सुनेला हसावं की नाही कळेना. "मग ठेवू ना?"

"मला नको विचारूस. मी ठेवच म्हणणार. माझं धरू नकोस."

"मग कुणाचं धरू? साहेबांचं? त्यांचं वाक्य संपेपर्यंत पुढची आवृत्ती निघेल."

"समितीवाले शिकलेली माणसं आहेत, खोटं कशाला बोलतील? नसेल जुन्या प्रतींत." सासूबाईंनी शेजारचा आपला जुना खंड ओढला आणि न चाचपडता त्या उताऱ्याचं पान उघडलं. "माझ्या बोटाला कसं कळणार, देवानं सांगितलेलं कुठं संपलं ते?"

सुनेनं त्या पानावरून बोट फिरवलं. वर-खाली ठिपके होते, पण मधला तुकडा पार गुळगुळीत झालेला.

"आई, इथं काहीच उरलं नाही. तुम्ही वाचता काय?"

"वाचते कसली. बोट ठेवते."

सुनेची लेक भिंगरी जमिनीवर शेंगांच्या होड्यांची रांग लावत होती. वय वर्षं पाच, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आज मात्र होड्या लावता लावता सगळं ऐकत होती.

सून दोन्ही पानं समोर घेऊन बसली. अंधशाळेच्या वसतिगृहात मुलींना एका वेळी एकच खंड मिळतो आणि शेवटचा कार्यालयाच्या कपाटात पडून असतो. कुणाला तरी कधीतरी असंच उभं केलं जाईल, तेव्हा कपाटाची किल्ली कोण शोधत बसणार? उतारा जागेवरच हवा. पण नुसता ठेवला तर त्या मुलींना खरं कळणार नाही. डोळसांना बारीक टाइप दिसतो, मग यांच्यापासून का लपवायचं?

तिनं हाताची ब्रेलपाटी काढली, कोरा कागद अडकवला आणि टोच्यानं एकेक ठिपका पाडत लिहिलं. पुढील उतारा सर्वांत जुन्या प्रतींत नाही. तो कुणी लिहिला, ठाऊक नाही. मग ती पट्टी कापून उताऱ्याच्या डोक्यावर चिकटवली आणि पान सासूबाईंच्या हाताखाली सरकवलं.

बोट फिरलं. नव्या ओळीवर थोडं रेंगाळलं, मग खाली उतरलं. अंगठी वाजली नाही.

"चढव पत्रा," सासूबाई म्हणाल्या, पण हात काही त्यांनी उचलला नाही.

भिंगरी उठली, आजीच्या कुशीत घुसली आणि आजीच्या बोटाशेजारी तिनं आपलं मटारानं ओलं झालेलं बोट टेकवलं.

"आई, हे वरचं तू लिहिलंस?"

"हो."

"आणि बाकीचं देवानं सांगितलं?"

सुनेनं सासूकडं पाहिलं. सासूबाई मान खाली घालून पानच चाचपत होत्या. पण हसू दाबल्यामुळे त्यांचे खांदे हलत होते.

भिंगरीनं बोट वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

"लागतंय तर सारखंच. मग तुला कुणी सांगितलं, असं लिही म्हणून?"