दोन नावांच्या बाईची मी सुटकेस

विषय : सौ. मृणालिनी जयवंत तिरोडकर, राहणार बोरीवली पूर्व, यांचे कायम वास्तव्यासाठी कॅनडास जाणे.
संदर्भ : वकिलातीचे पत्र, दिनांक १४ जानेवारी १९८६.

उपरोक्त विषयाबाबत मी, त्यांची सुटकेस, निवेदन करते ते असं.

मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात जन्मले. आत पुठ्ठा, वर तपकिरी रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रा. धोंडू नावाच्या कारागिराने माझी मूठ ठोकली आणि मालकाला म्हणाला, "गावापर्यंत टिकेल." मालकाने हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. मला नेणार होते कॅनडाला. तेव्हापासून मी घाबरलेली आहे.

गिऱ्हाईक म्हणजे भाऊ तिरोडकर, मृणालिनीचे सासरे, सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांचा मुलगा जयवंत दीड वर्षापूर्वी टोरांटोला गेला आणि आता बायकोला बोलावत होता. त्याच्या प्रत्येक पत्रात यादी असे. इथे दातांचा डॉक्टर परवडत नाही, दात करून ये. चष्मे दोन आण. कुकर आण, रबरी रिंगा सहा. मुंबईचे स्वेटर आणू नकोस, इथे ते बनियनमध्ये जमा. मृणालिनीने दोन दाढा काढल्या, चष्मे केले आणि शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला. तिच्या जागी आठ दिवसांत दुसऱ्या बाई आल्या.

विमानात बत्तीस किलोच्या वर चालणार नव्हतं आणि घरात काटा नव्हता. म्हणून भाऊंनी मला भरून माणिक रद्दीवाल्याकडे नेलं.

"देऊन टाकायची काय, भाऊ?" माणिकने विचारलं.

"सामानासकट?"

"सामान तुमचं तुम्ही ठेवा."

दोघं हसले. मी काट्यावर होते, मला हसू आलं नाही. चौतीस भरले. दोन किलो मालवणी मसाला घरी परतला. मग पेंटरने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात मृणालिनीचं पूर्ण नाव घातलं, आणि चारच दिवसांनी संदर्भीय पत्र आलं. त्यात विचारलं होतं की, शाळेच्या दाखल्यावरची विमला काशीराम मेस्त्री ही स्त्री कोण? अर्जदार तीच असल्याचा कागद पाठवावा.

"कोण म्हणजे? मीच की," मृणालिनी म्हणाली.

लग्नात ताटातल्या तांदळांवर जयवंतने अंगठीने, भाऊंनी सुचवलेलं नाव लिहिलं. पेढे वाटले. सकाळची विमला दुपारी मृणालिनी झाली. साक्षीला तीनशे माणसं जेवून गेली, पण त्या तांदळांची खरी नक्कल कुणी काढून ठेवली नव्हती. पुढे लग्न नोंदवताना फॉर्म भाऊंनीच भरला, सुवाच्य अक्षरात, आणि वधूच्या रकान्यात नवंच नाव घातलं. पासपोर्ट त्यावरून निघाला. विमलाची मृणालिनी झाली, असं सांगणारा एकही कागद घरात नव्हता. याहून लहान त्रुटींसाठी भाऊंनी तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले होते.

"विमलात काय वाईट होतं, अहो?" सासूबाई, प्रेमाताई, म्हणाल्या. "तुमच्या हौसेपायी पोर लटकली."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी भाऊ वकिलातीतले साहेब होऊन खुर्चीत बसू लागले. तिथे होणाऱ्या मुलाखतीची तयारी म्हणून.

"नाव?"

"मृणालिनी जयवंत तिरोडकर."

"मग विमला कोण?"

"मीच."

"कशावरून?"

"तुम्हीच ठेवलंत ना नाव, भाऊ?"

"मी आत्ता भाऊ नाही. कशावरून?"

"यांनीच लिहिलं तांदळात. यांना विचारा."

"तो नवरा. त्याचं तोंडी सांगणं चालत नाही. कागद दाखवा."

मृणालिनी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नोकरी सोडली, माहेरचं नाव गेलं, आणि तिकडचे म्हणतात ही ती नव्हेच. मग मी इथे तरी कोण आहे, भाऊ?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. त्या दिवशी पुढचे प्रश्न झाले नाहीत.

मी आता पलंगाखाली आहे, भरलेली. ती रोज येऊन माझं कुलूप ओढून पाहते. जयवंतची पत्रं पूर्वी चार पानांची असत, आता एका पानात आटोपतात. शेवटच्या पत्रात यादी नव्हती. ते तिने माझ्याशेजारी फरशीवर बसून तीनदा वाचलं. धोंडूच्या मुठीची भीती मला आता वाटत नाही. भीती वाटते ती एखाद्या दिवशी कुणी मला ओढून बाहेर काढेल आणि कुकर परत ओट्यावर नेऊन ठेवेल, याची. वाचणाऱ्यांना विनंती एवढीच, की घरातल्या कुणाला भेटलात तर सांगा, इतक्यात मला रिकामी करू नका.

सद्यस्थिती : प्रतिज्ञापत्र झाले. नावबदल गॅझेटात छापण्यासाठी अर्ज ४ फेब्रुवारीस दाखल, पोच मिळाली. वकिलातीस तसे कळवले, उत्तर नाही. व्हिसासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीची मुदत ३१ मार्चला संपते, मग ती पुन्हा. आज २४ मार्च. अर्ज विचाराधीन आहे.