छावणीतलं शेण

"पाटी खाली ठिवा, मावशी," छावणीच्या फाटकाशी रखवालदार त्रिंबक म्हणाला. "शेण भायेर न्यायचं न्हाई आता."

"कावून? माह्याच गाईचं हाय."

"सोसायटीचं हाय म्हनं. चेअरमनसायबाचा हुकूम."

मंजुळाबाईंनी पाटी काही ठेवली नाही. पाऊस दगा देऊन वर्ष झालं होतं. पाटोद्याजवळच्या माळावर दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली, तेव्हापासून त्यांची गाय तिथंच होती. घरचा गोबरगॅस चालावा म्हणून त्या रोज सकाळी पाटीभर शेण घेऊन जात. चुलीच्या धुरानं एक डोळा गेला, तेव्हा ऊसतोडीच्या कमाईतून त्यांनी हट्टानं तो गॅस बसवून घेतला होता.

त्या तडक मंडपात शिरल्या. चेअरमन विठ्ठलराव चारचौघांत चहा पीत बसले होते.

"विठ्ठलराव, शेण कधीपासून तुमचं झालं?"

"आपुन शेणापासून वीज करनार हाव, मंजुळाबाई. दिल्लीचा कायदाच हाय तसा. असली वीज घ्यावीच लागती वीज कंपनीला. तालुक्याचं भलं हुईल."

"आन् माहा गॅस?"

"लाकडं जाळा दोन-चार महिने."

"म्हंजी हा डोळा बी घालवू?"

विठ्ठलरावांनी कप आपटला. "चारा सोसायटीचा, तर शेण बी सोसायटीचं. पटत नसंल तर गाय घिऊन जा!"

मंजुळाबाईंनी बाकीच्यांकडं पाहिलं. सगळ्यांचीच जनावरं छावणीच्या दावणीला होती. एकानंही मान वर केली नाही.

त्यांनी पाटी टेबलावर उपडी केली. कप, कागद, चष्मा, सगळं शेणाखाली गेलं.

"घ्या! पाडा उजेड!"

गाय सोडवून घेऊन त्या फाटकाशी आल्या, तेव्हा त्रिंबक काकुळतीला आला. "मावशी, घरी काय घालताल तिला? माफी मागा. मी बी बोलतो."

"माफी? कशाची रं? माही गाय हागली म्हनून?"

घरी वैरणीची काडी नव्हती. गाय अंगणात बांधून मंजुळाबाई भिंतीवर चढल्या आणि छपरावरचं उसाचं जुनं पाचट दोन्ही हातांनी उपसू लागल्या. राग हातांत मावत नव्हता. धुरळा उडाला, नाकातोंडात गेला. खाली उतरून त्यांनी प्यायच्या घागरीतलं पाणी घेतलं, त्यात मीठ कालवून पाचटावर शिंपडलं.

गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. मग पुन्हा हुंगलं. बऱ्याच वेळानं एक काडी ओढून ती चघळू लागली.

मंजुळाबाई पदर खोचून पुन्हा भिंतीवर चढल्या.