चाळीस चौकोनांची मोजणी

समुद्रातले मासे मोजायची हुक्की सरकारला आली, तेव्हा धक्क्यावरची माणसं पोट धरून हसली. आधी स्वतःच्या कचेरीतली माणसं मोजा, दुपारच्या जेवणानंतर किती उरतात ते बघा, असं कोणीतरी म्हणालंही. पण सरकारने एक पांढरी बोट पाठवली, बोटीवर एक मोजणीसाहेब पाठवले आणि साहेबांच्या हाती एक नकाशा दिला. नकाशात समुद्रावर चाळीस चौकोन आखलेले होते. प्रत्येक चौकोनात जायचं, अर्धा तास जाळं ओढायचं, येईल ते तोलून लिहायचं आणि पुढच्या चौकोनाकडे निघायचं. मासे मिळोत न मिळोत. कल्पना तशी वाईट नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

पाण्याखालचे खडक ठाऊक असलेला वाटाड्या हवा म्हणून साहेबांनी तात्यांना बरोबर घेतलं. तात्या म्हणजे त्या किनाऱ्यावरचे सगळ्यात जुने होडीवाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, आणि तिचा नवरा आता तात्यांचीच होडी चालवायचा. पन्नास वर्षांत तात्यांचं रिकामं जाळं कोणाच्या दृष्टीला पडलं नव्हतं. म्हणजे रिकामं यायचं त्यांचंही, कोणाचं येत नाही? पण तसं झालं की बाजार उठेपर्यंत ते बाहेरच पाण्यात थांबायचे आणि धक्का ओस पडल्यावर गुपचूप होडी लावायचे. मुलीला हे माहीत होतं. ती जेवण झाकून ठेवायची आणि काही विचारायची नाही.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची.

पहिल्या दिवशी तीन चौकोन झाले. तिन्हींत मिळून सात खेकडे, मूठभर कोलंबी आणि एक बूट. बोटीवरचे खलाशी परगावचे होते. बुटाचा जोड कुठल्या चौकोनात मिळेल, असं ते तात्यांना विचारायला लागले. साहेबांना बोट लागली होती. ते कठड्याला धरून ओकत होते, तेही मध्येच तोंड पुसून म्हणाले, "तात्या, तुमचं फार नाव ऐकून आलो होतो हो."

झालं. ते वाक्य तात्यांच्या जिव्हारी लागलं. खरं तर रिकामं जाळं हेच त्या चौकोनाचं उत्तर होतं आणि ते तसंच लिहायचं होतं. पण जो माणूस जन्मभर रिकाम्या जाळ्याला लाजला, त्याला हे कोण समजावणार? तात्या म्हणाले, "साहेब, माशांनी तुमचा नकाशा पाहिलेला नाही. मासे असतात तिथे नेतो, चला."

आणि त्यांनी बोट डोहावर नेली. समुद्राच्या तळाला तिथे एक मोठी खळगी आहे, तिला किनाऱ्यावरचे लोक डोह म्हणतात. अंडी घालायला मासे तिथे जमतात. वर्षातून आठच दिवस तिथे जाळं टाकायचं, एरवी त्या बाजूला फिरकायचंही नाही आणि परक्याला जागा दाखवायची नाही, असा आजोबा-पणजोबांपासूनचा नियम. तात्यांनी सख्ख्या मेहुण्यालासुद्धा ती जागा दाखवली नव्हती. साहेबांना दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

जाळं इतकं भरून आलं की ओढणारं यंत्र कण्हायला लागलं. खलाशांची तोंडं बंद झाली. साहेबांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. डोहावर लाटाही कमी, त्यामुळे साहेबांचं पोट थाऱ्यावर आलं. मग बाकीचे सदतीस चौकोन हिंडायचे कशाला? बोट नऊ दिवस तिथेच राहिली. जाळं दर वेळी डोहातच पडलं आणि कागदावर दर वेळी नवा चौकोन भरला. तात्यांनी एकदा चाचरत विचारलं, "साहेब, आपण एकाच जागी आहोत ना?"

"ते सरासरीचं गणित असतं, तात्या," साहेब म्हणाले.

शेवटच्या दिवशी तात्यांनी वाटाड्या म्हणून चाळीस ठिकाणी सही केली, सगळ्यात मोठा मासा दोन्ही हातांत धरला आणि फोटो काढून घेतला. फोटो पेपरात आला. खाली बातमी होती की समुद्रात मासळी मुबलक आहे. तात्यांनी तो कापून, चौकटीत बसवून, घरात शिरताच दिसेल असा लावला.

सहा महिन्यांत बारा मोठ्या जहाजांना परवाने मिळाले. ज्यांनी मोजणी केली त्यांनीच शिफारस केली आणि ज्यांनी शिफारस केली त्यांनीच सही केली. पांढऱ्या बोटीवरचे दोन खलाशी त्या जहाजांवर नोकरीला लागले, त्यामुळे डोह शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आठ दिवसांचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी ते हसले असते.

दुसऱ्या वर्षी धक्क्यावर बोटाएवढे मासे यायला लागले. तिसऱ्या वर्षी बर्फाच्या कारखान्यातल्या तीन यंत्रांपैकी दोन बंद पडली. चौथ्या वर्षी मासे साफ करायच्या शेडमध्ये बायका कापत होत्या ती मासळी भलत्याच कुठल्या समुद्रातली होती. विटांसारख्या गोठलेल्या लाद्या आणि खोक्यांवर कोणाला वाचता न येणारी अक्षरं. तात्यांची मुलगी तिथे सकाळी सहापासून उभी असायची. पायात रबरी बूट, हातात एकावर एक दोन मोजे, तरी बोटं बधिर व्हायची. समुद्र दारात आणि मासे पाहुणे, असं ती म्हणायची.

तात्यांना कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहाच्या टपरीवर लोक नुसतं विचारायचे, "तात्या, सरकारला अजून काही दाखवायचं राहिलंय का?" त्यांच्याच वयाच्या एका जुन्या सोबत्याने तर तोंडावर सांगितलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आणि वर चहाही पाजला. तात्यांनी तो चहा प्यायला. घरी येऊन फोटो उतरवला. भिंतीवर पांढरा डाग राहिला, तिथे मुलीने कॅलेंडर टांगलं.

मग परवान्यांची मुदत संपत आली. पुढच्या दहा वर्षांचे परवाने द्यायचे तर आधी पुन्हा मोजणी झाली पाहिजे, असा नियम होता. तेच साहेब आले. हुद्दा वाढलेला, केस काळे केलेले, खिशात उलटीच्या गोळ्या. त्यांनी तात्यांनाच बोलावणं धाडलं.

मुलगी भांडी घासत होती. मागे न वळता ती म्हणाली, "या वेळी नकाशात असेल तिथेच न्या. तुमचा शहाणपणा नको."

"आणि जाळं रिकामं आलं तर?"

"तर तेच लिहितील. जहाजं जातील. मग बघू."

"मग तुम्ही इथेच राहाल?"

जावई शहरात जाऊन एका गोदामातली नोकरी बघून आला होता. दोन्ही नातवंडांच्या शाळेचीही चौकशी झाली होती. तात्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण एका घरात काय लपतं? मुलीने हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं.

"राहू," ती म्हणाली.

या एका शब्दावर तात्या पंचाहत्तराव्या वर्षी बोटीवर चढले. एकेक चौकोन त्यांनी नेमका गाठला. पहिला रिकामा, दुसरा रिकामा, पाचव्यात एक मरतुकडा खेकडा. पन्नास वर्षं ज्याची लाज वाटली ते रिकामं जाळं वर येताना पाहून तात्यांना आनंद होत होता, आणि तो लपवताना त्यांच्या नाकी नऊ येत होते. सहाव्या दिवशी साहेब म्हणाले, "तात्या, डोहावर जाऊ या की. उगाच कशाला वणवण?"

"आधी चौकोन, साहेब."

चाळीसही झाले तेव्हा तात्या स्वतःच म्हणाले, "आता डोह बघून घ्या. मनात शंका नको."

डोहावर जाळं अर्धा तास ओढलं. वर आला तो चिखल, फुटके शिंपले आणि कुठल्याशा जहाजाच्या जाळ्याचा तुटका तुकडा. तात्यांनी त्या चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपून पाहिलं. इतके दिवस ते खुशीत होते, पण डोह तरी भरलेला असेल असं त्यांना आतून वाटत होतं, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"लिहा साहेब," ते म्हणाले. साहेबांनी लिहिलं.

अहवाल वाचायला साहेब पंधरा दिवसांनी मच्छीमार संस्थेच्या खोलीत आले. पत्र्याच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मुलगी शेडमधून तशीच आली होती, मेणकापडाचा ओला एप्रन अंगावर. साहेबांनी गोड आवाजात वाचलं. "वाटाड्याचे वय व अधू दृष्टी यांमुळे बोट मासळीच्या जागांपर्यंत पोहोचू शकली नाही. सबब यंदाची मोजणी ग्राह्य धरता येत नाही. मागील मोजणीचे आकडे कायम ठेवून परवान्यांस दहा वर्षे मुदतवाढ द्यावी."

तात्या उठले. "साहेब, नकाशात होतं तिथेच नेलं मी. एक चौकोन चुकवला नाही."

"अगदी बरोबर. म्हणजे गेल्या वेळीही नकाशात होतं तिथेच नेलं होतं ना?" साहेबांनी जुनं बाड काढलं आणि तात्यांपुढे उघडलं. पानापानावर तात्यांची सही. "तेव्हा मासे भरभरून, आता एकही नाही. चार वर्षांत समुद्र म्हातारा होत नाही, तात्या, माणूस होतो. का ही सही खोटी आहे? सरकारी कागदावर खोटी सही म्हणजे दोन वर्षं आत. माझी मुळीच इच्छा नाही तशी."

इकडे आड, तिकडे विहीर, अशी तात्यांची कोंडी केली असं साहेबांना वाटलं. पण तात्यांना विहिरीची भीती राहिली नव्हती. सही खोटी ठरली की जुनी मोजणी मेली. ती मेली की परवान्यांना आधार उरला नाही. आणि आत जायचं झालं तर साहेबांनाही यावं लागणार होतं, कारण आकडे त्यांच्या अक्षरात होते. साहेबांना हे तात्यांच्या तोंडाकडे बघून कळलं असावं, कारण टेबलावर वाजणारी त्यांची बोटं थांबली. चार वर्षांत पहिल्यांदाच तात्यांना हलकं वाटलं.

"सांगतो," तात्या म्हणाले. "ती सही..."

"साहेब, बाबांचं बोलणं मनावर घेऊ नका."

मुलगी पुढे आली होती. "त्यांना हल्ली नीट दिसत नाही. लक्षातही राहत नाही. परवा आपलं दार सोडून शेजारच्या घरात शिरले. होडीवरसुद्धा वाट चुकतात. लाजेखातर आम्ही कोणाला बोललो नाही."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मग तो टपरीवरचा जुना सोबती खाली बघत म्हणाला, "खरं आहे. मीही पाहिलंय." त्याच्यामागून आणखी एक मान हलली, मग आणखी एक. ज्याने त्यांचा समुद्र घालवला, त्याला वाचवायला माणसं उरलासुरला समुद्र देऊन टाकत होती, आणि तो मात्र नको नको म्हणत होता.

"मी ठणठणीत आहे," तात्या ओरडले. आवाज चिरकला आणि खरोखरच भ्रमिष्ट म्हाताऱ्यासारखा बाहेर पडला.

"जपा त्यांना," साहेब मुलीला म्हणाले, आणि त्यांनी बाड बांधलं.

परतताना मुलगी चार पावलं पुढे होती. धक्क्यापाशी तात्यांनी तिला गाठलं. "का बोललीस? मी गेलो असतो आत. हसत गेलो असतो. जहाजं थांबली असती."

"आणि डोहात मासे कोणी आणून सोडले असते?"

"आले असते. दहा वर्षांत आले असते. तू राहणार होतीस ना?"

ती थांबली. जिथे त्यांची होडी बांधलेली असायची तिथे नुसता दोर लोंबत होता. मोजणीहून आल्यापासून तात्या इकडे फिरकले नव्हते, अहवाल आल्यावरच ताठ मानेने यायचं त्यांनी ठरवलं होतं.

"तुम्ही बोटीवर चढलात त्याच दिवशी होडी विकली," ती म्हणाली. "तुम्हाला एवढा हुरूप होता, म्हणून सांगितलं नाही. परवाच्या गाडीने निघतोय आम्ही. तुम्ही तुरुंगात असता, तर भेटायला कोण येणार होतं?"

घरी असलो तर कोण येणार आहे, हे तात्यांच्या ओठांवर आलं. पण ती एप्रनला हात पुसत शेडकडे निघालीसुद्धा होती, तिची पाळी अजून संपायची होती.